तीन तुकड्यांची बंदूक

रूबेन लार्टरने एक बूट काढला, दुसरा काढायला वाकला आणि त्याच्या नाकात धूर गेला. वास स्वयंपाकघराकडून येत नव्हता. एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, असा तो लंगडत पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. त्याची बायको थर्झा गुडघे टेकून शेकोटीला फुंकर घालत होती आणि लाकडांनी चांगलाच जाळ धरला होता.

"इथे कशाला पेटवलीस?"

"मग काय, होणाऱ्या व्याह्याला बटाट्यांच्या पोत्यावर बसवू?" थर्झा म्हणाली. "तो बूट काढ आधी. आणि तोंड धू."

पुढच्या खोलीतली शेकोटी नाताळात पेटायची, नाहीतर घरात कुणी वारलं तर. एरवी धुराडं गार असायचं, म्हणूनच रूबेनने आत हात पोचेल इतक्या उंचीवर एक खिळा ठोकला होता. त्या खिळ्याला आत्ता बंदुकीची नळी लटकत होती.

बंदूक त्याच्या बापाची. चोरून शिकार करणाऱ्यांचा असल्या बंदुकांवर फार जीव. नळी, दस्ता आणि नळीखालची वीतभर लाकडी मूठ असे तिचे तीन तुकडे क्षणात सुटे व्हायचे, कोटाच्या आतल्या तीन खिशांत जायचे आणि माणूस प्रार्थनेहून परतल्यासारखा रस्त्याने चालू लागायचा. तिन्हींतला एक जरी नसला तरी उरलेले दोन म्हणजे भंगार. घरात बंदूक आहे हे थर्झाला ठाऊक होतं. कुठे असते ते तिने कधी विचारलं नव्हतं. त्याने रानातून आणलेले फेजंट पक्षी मात्र ती सुरेख भाजायची.

काल रानात अंधारात मागे अचानक कंदील दिसला होता. रूबेनने पळता पळताच बंदूक सुटी केली होती. घरी आल्यावर नेहमीसारखे तिन्ही तुकडे तीन ठिकाणी लपवले होते. पण नळीतलं काडतूस काढलं होतं का? तो बोटांना आठवायला लावत होता आणि बोटं काही सांगत नव्हती.

"थर्झा, विझव ती."

"का म्हणून?"

तो सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात बाहेर फाटक करकरलं. कालचा कंदील ज्याच्या हातात होता तोच माणूस दार ठोठावत होता.

मिस्टर केरिसन जमीनदाराच्या रानाचा मुख्य राखणदार होता. त्याचा मुलगा क्लिफर्ड वसंतात सैन्यातून सुटून येणार, बापाच्या हाताखाली लागणार, रानाकडेचं घर त्याला मिळणार आणि तिथे तो रूबेनच्या मुलीला, आयव्हीला, लग्न करून नेणार, असं सगळं ठरत आलं होतं. राहिला होता तो फक्त केरिसनचा होकार. राखणदाराच्या सुनेचा बाप चोर निघाला तर नोकरी गेली, घर गेलं आणि लग्नही गेलं. आयव्हीने सकाळीच केस धुऊन वाळवले होते आणि तेव्हापासून ती एका जागी बसली नव्हती.

केरिसन आत आला आणि थेट शेकोटीजवळच्या रूबेनच्या खुर्चीत बसला.

"इकडे बसा ना, खिडकीपाशी," रूबेन म्हणाला. "उजेड चांगला आहे."

"उजेडाचं काय लोणचं घालायचंय? माझे गुडघे गारठलेत, लार्टर."

"डुक्कर बघता का आमचं? फार छान वाढलंय."

"डुकरं पुष्कळ पाहिलीत." केरिसन खुर्चीत जरा सरकून बसला. "ही खुर्ची टोचते."

"गादी जुनी झालीय हो," थर्झा लाजून म्हणाली आणि तिने हॅमची ताटली पुढे केली.

खाणं सुरू झालं. केरिसनने कांद्याच्या लोणच्याची तारीफ केली. क्लिफर्डच्या पत्रांबद्दल तो बोलला. रूबेन दोनदा उठला, दोनदा बसला, खिडकी उघडली, थर्झाने डोळे वटारल्यावर लावली. धुराड्यात काहीतरी टिक् करून वाजलं. तापलेलं लोखंड असं वाजतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

काडतूस काढलंही असेल. गप्प बसलं तर अर्ध्या तासात पाहुणा जाईल, आग विझेल, पोरीचं सोनं होईल. तो स्वतःला हेच बजावत होता. तेवढ्यात केरिसन हात शेकायला जाळाकडे वाकला आणि त्याची मान रूबेनला दिसली. पांढरे केस मानेवर नुकतेच, सरळ रेषेत कापलेले होते. म्हातारा या भेटीसाठी मुद्दाम न्हाव्याकडे जाऊन आला होता.

रूबेनने चहाची किटली उचलली आणि सगळी शेकोटीत ओतली.

वाफेचा आणि राखेचा लोट उठला. "रूबेन! वेड लागलं का तुला?" थर्झा ओरडली. त्याने किटलीवरचं लोकरी झाकण हातात चढवलं, खांद्यापर्यंत हात धुराड्यात घातला आणि नळी खाली काढली. मागच्या भोकात काडतुसाचं पितळी बूड चमकत होतं.

"बाबा," आयव्ही एवढंच म्हणाली. तिच्याकडे पाहायची त्याला हिंमत झाली नाही.

केरिसनने चष्मा चढवला. रुमालाने धरून काडतूस ओढून काढलं आणि दुधाच्या भांड्यात टाकलं.

"काल ओढ्याकाठी तूच होतास."

"हो."

"गप्प बसला असतास तर कदाचित उडालंही नसतं."

"कदाचित."

"मग?"

"तुम्ही तिथे बसला होतात," रूबेन म्हणाला. याहून दुसरं कारण त्याच्यापाशी नव्हतं.

केरिसनने नळी बराच वेळ न्याहाळली, काजळी पुसली. त्याने आयव्हीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नव्हती. मग त्याने नळी परत रूबेनच्या हातात दिली.

"बापाची असणार. तुझ्याकडेच राहू दे. हिची मूठ कुठाय?"

"ती कशाला?"

"ही पोरगी लग्न होऊन आमच्याकडे येईल तेव्हा ती बरोबर घेऊन येईल. माझ्या कपाटात राहील. म्हणजे मला रात्री झोप लागेल, रूबेन."

त्याने लार्टर म्हटलं नाही, हे खोलीत सगळ्यांनी ऐकलं. आयव्ही मटकन खाली बसली आणि रडू लागली. थर्झाने अ‍ॅप्रन तोंडाशी धरला. बापाची बंदूक आता पुन्हा कधी एक होणार नाही, हे रूबेनला उमगलं. पोरीचा ओला, हसरा चेहरा पाहून ते दुःख त्याने गिळलं.

तरी तो जागचा हलला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"अरे, कुठाय मूठ?"

"मिस्टर केरिसन," रूबेन म्हणाला, "जरा उठता का?"

केरिसनने खाली, खुर्चीच्या गादीकडे पाहिलं.

"तरीच," तो म्हणाला आणि उठला.