निळे पत्रे आणि एक ताट साठं

भाट्याचे दत्तात्रेय, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, शाळेत क्लार्क होते तेव्हा शाळेची घंटा बिघडली तरी स्वतःच दुरुस्त करायचे. मग ती आठवडाभर भलत्याच वेळी वाजायची. निवृत्त झाल्यावर हा उत्साह सगळाच्या सगळा घराकडे वळला. नळ गळला की अप्पा, मिक्सर रुसला की अप्पा. मागाहून नळवाला येई, मिक्सरवालाही येई, पण अप्पांची हौस काही कमी होत नसे. कुसुमकाकूंना नवऱ्याच्या या स्वभावाची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर कौतुकही होतं. नुसता झोपाळ्यावर बसून राहणारा माणूस त्यांना सोसलाच नसता.

या मे महिन्यात अप्पांनी मागल्या दारची लाकडांची खोपी हाती घेतली. तिच्यावरची कौलं फुटली होती. पावसात नारळाची सोडणं भिजत होती, आणि भिजलेल्या सोडणांनी बंब काही पेटत नाही. हातखंब्याच्या दुकानातून निळे पत्रे आले. दुकानदार हव्या त्या मापात कापून देत होता, पण अप्पांनी माप मनानेच सांगितलं होतं, वर "थोडं जास्तच असू दे" म्हणून सुचवलंही होतं. ते थोडं जास्त हातभर निघालं. एवढे बाहेर आलेले पत्रे पहिल्याच वादळात उडाले असते, तेव्हा कापणं आलं.

शेजारच्या रावजीकडून अप्पांनी ग्राइंडर मागून आणला. मुंबईच्या ऋजुताने, त्यांच्या लेकीने, हे फोनवर ऐकलं मात्र, लगोलग कुरिअरने कामाचे हातमोजे आणि पारदर्शक चष्मा हजर. अप्पांनी तो चष्मा डोळ्यांना न लावता खुंटीला लावला.

"मी काय चंद्रावर चाललोय?"

पहिला पत्रा त्यांनी संध्याकाळी अंगणात कापला. अंगात बनियन, कमरेला लुंगी, पायात स्लिपर, आणि पत्रा हलू नये म्हणून त्यावर एक पाय दाबून धरलेला. ठिणग्यांचा नुसता फवारा उडत होता. काकू ओटीवरून ओरडत होत्या, पण त्या आवाजात त्यांचं कोण ऐकणार! ग्राइंडर थांबला तेव्हा अप्पांच्या उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

"कचरा गेला असेल गो," असं म्हणून त्यांनी डोळ्यावर पाण्याचे हबके मारले आणि चहा मागितला.

उजवा डोळा. त्याच डोळ्याचं थंडीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी निघाल्यावर अप्पांनी काकूंकडे नीट निरखून पाहिलं होतं आणि सगळ्यांदेखत म्हणाले होते, "अगो, तू म्हातारी झालीस की!" काकू हसल्या होत्या, आणि मग दवाखान्याच्या जिन्यात पदर तोंडाला लावून रडल्याही होत्या. कारण त्याआधी कितीतरी दिवस अप्पा त्यांच्याशी बोलत ते आवाजाच्या अंदाजाने. तो डोळा पुन्हा जावा, तोही लाकडांच्या खोपीपायी, हे काकूंना मुळीच मंजूर नव्हतं.

त्यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. ऋजुताला सांगते म्हणाल्या. अप्पांचं आपलं एकच, "काही होत नाही."

सकाळी अप्पा पत्र्यावर रेघ मारत होते. अंगणात माच्यावर आंब्याचा रस ओतलेली साठ्याची ताटं वाळत होती. काकूंनी एकेक ताट उचलून मागल्या दारी उन्हात नेलं. रायवळाचं नेलं, पायरीचं नेलं. शेवटी राहिलं विहिरीवरच्या हापूसचं. त्या झाडाला यंदा आंबे लागले होते मोजकेच, आणि त्याच्या साठ्यावर अप्पांचा एवढा जीव, की पाहुण्यांना ते पायरीचं कापून देत आणि हे डब्याच्या तळाशी लपवत. काकूंनी ते ताट उचललं, क्षणभर धरलं आणि परत माच्यावर ठेवलं. वरचं मलमलचं फडकं काढून त्याची घडी घातली. मग आत जाऊन मेन स्विचपाशी उभ्या राहिल्या.

ग्राइंडर किंचाळला. खिडकीतून पहिल्या ठिणग्या दिसल्या न दिसल्या तोच काकूंनी "देवा, एवढं सांभाळ" म्हणत स्विच खाली ओढला.

"लाइट गेली!" अंगणातून अप्पा ओरडले.

"लाइट नाही गेली, माझं साठं गेलं!" काकू फ्रिजवरचं चुंबकाचं फुलपाखरू घेऊन धावत बाहेर आल्या.

"काहीतरीच. एवढ्या लांब कशाला जातंय?"

वरचा थर सुकत आलेल्या त्या पिवळ्याधमक साठ्यावरून काकूंनी फुलपाखरू हलकेच फिरवलं आणि अप्पांपुढे धरलं. फुलपाखराला बारीक काळी मिशी फुटली होती.

अप्पांनी हातातला ग्राइंडर खाली ठेवला. बोटाने तो काळा चुरा चाचपला. मग ताटाकडे पाहिलं, तिथून पत्र्यापर्यंत पाहिलं. ताट पार ओटीच्या पायरीजवळ होतं. आपण वाकून बसतो तेव्हा आपलं तोंड कुठं असतं, हेही त्यांनी मनाशी मापलं असावं, कारण त्यांचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला.

"विहिरीवरचं हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"विहिरीवरचं."

"सगळं ताट?"

"लोखंड घातलेलं साठं कोणाला वाढू?"

अप्पांनी ग्राइंडरची वायर गुंडाळायला घेतली. मग म्हणाले, "तो चष्मा कुठाय?"

त्यानंतरचे अप्पा बघण्यासारखे होते. जुनी फुलपँट, पूर्ण बाह्यांचा सदरा, शाळेतले बूट, हातमोजे आणि चष्मा. "आता चंद्रावर निघालात," काकू म्हणाल्या. पत्र्यावर पाय ठेवणं बंद झालं. दोन बाकांवर फळ्या टाकून पत्रा त्यांवर आडवा घातला आणि शिकंज्यांनी आवळला. ग्राइंडर तर त्यांनी रावजीला परतच केला आणि पत्रा कापायची मोठी कातर आणली. ग्राइंडरने जळलेली कड या खाऱ्या वाऱ्यात लगेच गंजते, असं त्यांनी काकूंना अगदी आपलाच शोध असल्यासारखं सांगितलं. काकूंनी "हो का?" म्हणून ऐकून घेतलं. कातरीने काम सावकाश होत होतं, पण मिक्सरपेक्षा पुष्कळ बरं. कापलेल्या कडेवर अप्पा कानस फिरवत, आणि पडलेला चुरा फुलपाखराने टिपून घेत, म्हणजे अनवाणी पायांना बोचायला नको.

दुपारी कोकमाचं सरबत घेऊन काकू अंगणात आल्या. समुद्रावरून वारा सुटला होता. अप्पा घामाने निथळत होते आणि फार खुशीत होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पेला तोंडाला लावला, आणि मागल्या दारी ओळीने मांडलेल्या ताटांकडे बघता बघता ते थांबले.

"बाकीची सगळी तिकडे नेलीस तू."

"नेली."

"फडकंही नव्हतं त्याच्यावर. माश्या बसतात म्हणून तू कधी उघडं ठेवत नाहीस."

काकूंनी रिकामा तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"अगो, मग दुसरं ठेवायचं होतंस," अप्पांचा आवाज अगदी मऊ झाला होता. "पायरीचं ठेवायचं होतंस."

"पायरीच्या साठ्यासाठी थांबला असतात तुम्ही?"

अप्पांनी उरलेलं सरबत संपवलं. दोन्ही डोळ्यांनी काकूंकडे नीट पाहिलं. मग चष्मा खाली ओढून डोळ्यांवर बसवला आणि कातर उचलली.