बाबांनी वाचलेले ओठ

त्या काळी चित्रांना आवाज नव्हता, म्हणून आम्ही नट तोंडाला येईल ते बोलायचो. कॅमेऱ्याचा दांडा फिरायला लागला की दिग्दर्शक क्रॉलीसाहेब ओरडायचे, "ओठ हलवा, रडा!" मग मी मेलेल्या शिपायाच्या छातीवर डोकं टेकून बाजाराची यादी म्हणायचे, आणि तो मेलेला शिपाई हसू दाबून लालबुंद व्हायचा.

त्या उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या एका टेकडीवर यादवी युद्धाचं दहा मिनिटांचं चित्र केलं. म्हातारा बाप रणात पडलाय, मुलगी त्याला शोधत येते. मुलगी मी. बापाला लावलेली दाढी थेट माझ्या बाबांसारखी. काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी बाजार आठवेचना. मी म्हणाले, "बाबा, आईच्या वेळची तार मला वेळेवर मिळाली होती. मी खेळ सोडून आले नाही."

आई गेली तेव्हा बाबांना मी सांगितलं होतं की तार उशिरा पोचली. तीन वर्षं ते खोटं घशात काट्यासारखं अडकलेलं. तिथं सांगून टाकलं आणि मोकळी झाले. ऐकणारं होतंच कोण?

बाबांचे कान त्याच यादवी युद्धात, पीटर्सबर्गच्या वेढ्यात तोफांपाशीच गेले. तेव्हापासून ते माणसांचे ओठ वाचतात. प्रार्थनेच्या वेळी गावात कोण कुणाची निंदा करतंय, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. पण नटव्यांच्या नावानं ते कायम बोटं मोडायचे, त्यामुळे मी निर्धास्त होते.

पानगळीत घरी गेले, तर हे महाशय दर शनिवारी चित्र बघायला जातात! गुडघे टेकलेला नायक नायिकेला काय काय शिव्या घालतो, ते त्यांनी मला खिदळत सांगितलं. त्या शनिवारी आमचंच चित्र लागलेलं. डोकं दुखतंय म्हणून बघितलं, पण ऐकतात कसले! टोपी घालून दारात उभे.

मी पडद्याकडे बघितलंच नाही. पियानो वाजत होता आणि मी बाबांचा चेहरा बघत होते. ते एकदम पुढे वाकले, मग डोळे बारीक केले. तोवर खिदळत होते, पुढं हसले नाहीत.

बाहेर दुपारचं ऊन होतं. पायरीवर थांबून ते म्हणाले, "आईच्या वेळची तार, एवढं वाचलं. मग तू तोंड फिरवलंस. पुढं काय?"

थाप जिभेवर तयार होती. इतकी वर्षं तोच तर धंदा केला होता. पण ते माझ्या ओठांकडे असे बघत होते की मला लाज वाटली. मी उजेडात सरकले आणि सावकाश सगळं सांगितलं.

मग बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तिनं मला खाट फिरवायला लावली होती. तोंड दाराकडे हवं, तू येशील म्हणून."

चार माणसं वळून बघायला लागली. बाबा घराकडे चालू लागले, मी दोन पावलं मागे. कोपऱ्यावर ते वळले आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"चुकलं, बाबा," मी म्हणाले.

"हो. चुकलंच," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडायला हात पुढे केला.