बैठककाकांचा त्रास

आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात एका माणसाला बसण्याचा पगार मिळतो. आम्ही त्यांना बैठककाका म्हणतो. तयार झालेली प्रत्येक खुर्ची त्यांच्यापुढे जाते. ते बसतात, दोन्ही पाय उचलतात, डोळे मिटतात आणि चारही बाजूंना हळूहळू झुकतात. कुठे कुरकुर ऐकू आली किंवा पाय डगमगला की त्या पायावर खडूने गोल काढतात. मग ज्या सुताराची खुर्ची असेल त्याला हाक.

अठरा वर्षांत सगळ्यात जास्त हाका मला आल्या. मी हातातला रंधा आपटायचा, तरातरा जायचं, स्वतः त्या खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, "कुठे हलते? तुमचंच अंग हलतंय!" ते म्हणायचे, "तुझे कान साफ कर आधी." दहा मिनिटं जुंपायची. हरेल त्याने चहा पाजायचा. चहा बहुतेक वेळा मीच पाजला आहे, पण त्याची चर्चा इथे नको.

मग मालकांची पुतणी आली. व्यवस्थापन शिकून आलेली, हसरी, आणि सगळ्यांचं भलं करायला निघालेली. आम्ही तिला ताई म्हणायला लागलो. तिने भिंतीवर एक मनोरा काढून लावला. माणसाच्या गरजा म्हणे अशा एकावर एक असतात. खाली अन्न-पाणी, वर सुरक्षितता, त्यावर आपुलकी, मग मान, आणि टोकाला स्वतःचं सार्थक. मी विचारलं, "ताई, चहाची सुट्टी कितव्या मजल्यावर?" ती हसली आणि खरंच वहीत लिहून घेतलं. अशा माणसावर रागावता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिने समजावलं की पंखा नसला तर माणूस नाराज होतो, पण पंखा आहे म्हणून कुणी खूश होत नाही. खूश करणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. हे माझी बायको लग्न झाल्यापासून सांगते आहे, तिला कुणी पदवी दिली नाही.

मग ताईने सगळ्यांना एक फॉर्म वाटला. नाव लिहायचं नाही. पहिलाच प्रश्न होता, 'कामात सर्वांत जास्त त्रास कशाचा?' त्या दिवशी सकाळपासून माझ्या तीन खुर्च्यांवर गोल पडले होते. डोकं तापलेलं होतं. मी दाबून लिहिलं : बैठककाकांचा.

पंधरा दिवसांत काकांभोवती काचेची केबिन उभी राहिली. आत गादी, पंखा, पाण्याचा माठ, दारावर 'गुणवत्ता प्रमुख' अशी पाटी. खुर्ची एका दाराने आत, दुसऱ्या दाराने बाहेर. खडू बंद, कारण चारचौघांत गोल काढला की सुताराचा अपमान होतो. चूक कागदावर लिहायची, कागद दुरुस्ती विभागात जायचा. कुणाची खुर्ची नापास झाली ते कुणाला कळायचं नाही.

पहिला आठवडा मी मजेत होतो. शीळ घालत काम केलं. दुसऱ्या आठवड्यात शीळ बंद झाली. तिसऱ्यात बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "अहो, बरं नाही का तुम्हाला?"

"का?"

"हल्ली जेवताना त्या बैठककाकांना शिव्या देत नाही तुम्ही. आणि खुर्चीबद्दलही काही बोलत नाही."

मी म्हटलं, सगळं ठीक आहे. पण खरं तर मला त्या आठवड्यात केलेली एकही खुर्ची आठवत नव्हती.

सोमवारी बातमी आली की काकांनी राजीनामा दिला. कारणाच्या जागी एवढंच लिहिलं होतं : कंटाळा आला. महिनाअखेर शेवटचा दिवस. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पगार वाढवला, ते नको म्हणाले. 'महिन्याचा मानकरी' म्हणून त्यांचा फोटो लावला, तर ते फोटोकडे बघून म्हणाले, "हा कोण म्हातारा?" ती माझ्याकडे आली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, मनोऱ्यातलं सगळं देऊन झालं. आता काय उरलं?"

मला माहीत होतं काय उरलं ते. माझ्या एका ओळीने या माणसाला काचेत घातलं होतं. हे तिला सांगायला जीभ रेटेना. आणि काका गेले तर अठरा वर्षं मी कुणासाठी खुर्च्या करत होतो, या प्रश्नाचं उत्तर मला नको होतं.

मग मी एक उद्योग केला. एका खुर्चीचा मागचा डावा पाय मुद्दाम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी कापला. एवढ्या फरकाने तर काका खुर्चीतून उठून ओरडतील, केबिन फोडून बाहेर येतील, असा माझा हिशेब. खुर्ची आत गेली. मी रंधा हातात धरून कान टवकारून उभा.

काही झालं नाही. दुसऱ्या दाराने खुर्ची बाहेर आली आणि तिच्यावर 'पास'चा शिक्का होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं या माणसाने केसभर चूक सोडली नव्हती. मी ती खुर्ची उचलली, पाटीचं दार ढकललं आणि त्यांच्यापुढे आदळली.

"बसा हिच्यावर!"

ते शांतपणे बसले. पाय उचलले, डोळे मिटले. "मागचा डावा. एक सूत कमी."

"मग पास कशी केलीत?"

"नापास केली असती तर कागद दुरुस्तीला गेला असता आणि तू तिकडे उभाच राहिला असतास. पास केली म्हणून तर आलास." त्यांनी डोळे उघडले. "आणि हे तू मुद्दाम केलंयस. मागचा डावा तुझा आजवर कधीच चुकलेला नाही. तुझा चुकतो तो पुढचा उजवा."

एवढं लक्ष माझ्या कामाकडे माझ्या बापानेही दिलं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते असं, "पुढचा उजवा? माझा? कधी चुकला?"

"परवा दोनदा."

"दाखवा!"

"कागद दाखवू? खुर्च्या कुठल्या कुठे गेल्या!"

आवाज चढले. सगळे सुतार काचेला नाक लावून उभे राहिले. ताई धावत आली, आम्हाला सोडवायला. मग काकांचा चेहरा बघून दारातच थबकली. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांच्या गालांवर रंग आला होता.

मी तिथेच कबूल केलं, "ताई, त्या फॉर्मवर ते मी लिहिलं होतं."

"अक्षर ओळखतो मी तुझं," काका म्हणाले. "तिने दाखवला होता मला कागद."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कुणाला बोलणार? मध्ये काच होती."

ताईने त्याच संध्याकाळी काच काढायला लावली. राजीनामा काकांनी स्वतःच्या हाताने फाडला, आणि खडू मागून घेतला. त्या दिवशीचा चहाही मलाच पाजावा लागला.

सहा महिन्यांनी पुन्हा फॉर्म आला. प्रश्न तेच. कामात सर्वांत जास्त त्रास कशाचा? माझ्या दोन खुर्च्यांवर सकाळीच गोल पडले होते, दोन्ही पुढच्या उजव्या पायावर. मी दाबून लिहिलं : बैठककाकांचा. खाली विचारलं होतं, 'यावर काय करावे असे वाटते?'

तिथे मी लिहिलं, काही करू नका.