नांगर अडतो ती जागा

मोजणीदाराने साखळीचं टोक खुंटीला अडकवलं आणि तिच्या दिराला विचारलं, "हे शेत सलग सहा वर्षं तुमच्याकडेच होतं ना?"

"होय साहेब. सहा. सहाच."

दीर इतक्या घाईने बोलला की मागे उभी असलेली ती दचकली.

नवा कायदा सोपा होता. जो जे शेत सलग सहा वर्षं कसतो, ते त्याचं. पण मालक कायद्याच्या चार पावलं पुढे होता. दर वर्षी तो आपली जमीन कसणाऱ्या सातही कुटुंबांची शेतं बदलायचा; यंदा ओढ्याकाठचं, पुढच्या खेपेला माळावरचं. म्हणून सातही घरांनी बसून ठरवलं होतं, की यंदा ज्याला जे शेत आलंय तेच त्याने सहा वर्षांचं म्हणून सांगायचं. खोटं एकच, पण सगळ्यांनी सारखं बोलायचं. एक जण फुटला तर सातही घरं उघड्यावर पडणार होती. यंदा तिच्या वाट्याला माळ होता आणि ओढ्याकाठचं हे काळंभोर शेत दिराच्या. तरीही बैठकीत सर्वांत आधी मान डोलावली तिनेच, आणि मग दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही.

मालकाचा कारभारी छत्री उघडून बांधावर उभा होता. त्याची पंचाईत मोठी होती. आम्ही यांची शेतं बदलत होतो म्हणावं, तर ही माणसं जमीन कसत होती हे कबूल झालं. आणि मालकाने तर लिहून दिलं होतं की इथे फक्त रोजावरचे मजूर राबतात. खरं बोलायची सोयच नाही, म्हणून बिचारा नुसता खोचक बोलत होता.

"साहेब, सहा वर्षं नांगरलंय म्हणतो ना? मग विचारा त्याला, नांगर अडतो कुठे?"

"सांगा," मोजणीदार म्हणाला.

हे शेत दिराकडे पहिल्यांदाच आलं होतं आणि यंदाची नांगरट अजून व्हायची होती. तो पायाने एक ढेकूळ फोडत राहिला. तिच्याकडे मात्र ते दोनदा येऊन गेलं होतं, तिचा नवरा होता तेव्हा. क्षणभर, दिराला सांगता येत नाही याचं तिला बरं वाटलं. लगेच त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

"ओढ्याच्या बाजूने अकरावं तास," ती बोलून गेली. "खाली पाटाएवढा दगड आहे. तिथे नांगर उचलून घ्यावा लागतो, नाहीतर फाळ मोडतो."

मोजणीदाराने गेल्या नांगरटीची तासं मोजत जाऊन पहार मारली. खण्णकन आवाज आला.

"बघा!" कारभारी उसळला. "आता शेत याचं की हिचं?"

मोजणीदार परत आला तो सरळ तिच्यापाशी. माणूस सरळ दिसत होता.

"बाई, घाबरू नका. शेत तुमचं असेल तर तसं सांगा. तुमच्या नावावर लिहितो."

दीर खाली बघत होता. तिला ते शेत हवं होतं. फार हवं होतं. नुसतं हो म्हटलं की झालं, इतकं ते जवळ आलं होतं.

"माझं कसं असेल?" ती म्हणाली. "भाऊजींचंच आहे. जेवण मी घेऊन यायचे ना. फाळ मोडला की आधी माझ्यावर ओरडायचे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मोजणीदारही हसला आणि त्याने लिहून टाकलं.

माळावरच्या मोजणीला वेळ लागला नाही. इथे नांगर कुठे अडतो हे विचारायची कारभाऱ्यालाही गरज वाटली नाही. तिने दाखवलेल्या जागी सही केली. माणसं उतरून गेली, दीर तेवढा घुटमळत राहिला.

"वहिनी, कागदावर काहीही असू दे. एक वर्ष खालचं तुम्ही करा, एक वर्ष मी. आलटून पालटून करू."

तो मनापासून बोलत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"नको, भाऊजी."

"अहो, पण इथे काय पिकणार?"

"ते बघू. पण आता मला दर वर्षी शेत सोडून उठायचं नाही."

तिने वाकून पायाशी पडलेला एक दगड उचलला आणि उताराकडच्या कडेला नेऊन ठेवला. परत येऊन दुसरा उचलला. दिरानेही एक मोठासा दगड उचलला.

"कुठे टाकू?"

"टाकू नका," ती म्हणाली. "तिकडे नीट लावून ठेवा. बांध घालायचाय."