कचऱ्याचं बटण

आमच्या नगरपालिकेत ईमेलची गाळणी बसवली ती रबाबने. त्याआधी आमचे हाल कुत्रं खात नव्हतं. सकाळी कॉम्प्युटर उघडावा तर लॉटऱ्या, ताकदीच्या गोळ्या, कुठल्या तरी मेलेल्या सेनापतीच्या विधवेची इस्टेट. कर विभागातल्या एका शहाण्याने खोटं बिल उघडलं आणि सगळ्या कचेरीची यंत्रणा ठप्प झाली. मी जन्मनोंदणीच्या खिडकीत बसते. तेव्हा बाळांचे दाखले मी हाताने लिहिले.

रबाब आमच्याच गावची, स्फाक्स शहरात इंजिनियर होऊन परत आलेली. बोलायला तिखट. तिने आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून गाळणी समजावून सांगितली. प्रत्येक ईमेलला गाळणी वाईट गुण देते. मर्यादेच्या वर गेली की ती ईमेल कचऱ्याच्या पेटीत. शिवाय गाळणी शिकते. तुम्ही एखाद्या ईमेलवर 'कचरा' हे बटण दाबलंत की तिच्यातले शब्द ती ध्यानात ठेवते आणि पुढच्या वेळी त्याच शब्दांना वाईट गुण देते.

"कचरा म्हणजे नेमकं काय?" कुणीतरी विचारलं.

"न मागता आलेलं. तेच ते. पुन्हा पुन्हा," रबाब म्हणाली.

सुरुवातीला गाळणीने बरेच घोळ घातले. राजधानी ट्युनिसहून आलेली मंत्रालयाची परिपत्रकं अडवली. लोकांच्या ईमेल तर सरसकट अडवल्या. आमच्याकडे फोनवर अरबी लिहितात ती रोमन अक्षरांत, आणि ज्या उच्चाराला अक्षर नाही तिथे आकडा घालतात, तीन, सात, नऊ. शब्दात आकडा दिसला की गाळणीला वाटे, ही लबाडी.

"माझी आई अशीच लिहिते. ती काय भामटी आहे?" असं म्हणत रबाबने तो नियम उपटून टाकला आणि आपल्या लोकांच्या लिहिण्याप्रमाणे नवा लिहिला. रोज कचऱ्याची पेटी चाळायची, चुकून पडलेलं बाहेर काढायचं, गुण कमीजास्त करायचे. हळूहळू सगळं सुरळीत झालं. मग तिने पेटी चाळण्याचं काम ज्याच्या त्याच्या विभागावर सोपवलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर खालती दोजा आली. खालती म्हणजे मावशी. नख्लात वस्तीत तिला सगळेच मावशी म्हणतात. अंगभर पांघरायची पांढरी सफसारी खांद्यावरून घसरलेली, श्वास लागलेला. तक्रार विभागाच्या खिडकीवर तिने फोन आपटला.

"वाच. माझ्या लेकीने किती वेळा लिहिलंय ते वाच. गटार फुटून नळात शिरलंय. पोरांचे डोळे पिवळे झालेत. माझी नात इस्पितळात आहे. आणि तुम्ही एक ओळ उत्तर देत नाही?"

तक्रार विभागाचा प्रमुख सी मुन्जी. सी म्हणजे साहेब. गोड बोलणारा, कॉफीचा कप हातातून न सुटणारा माणूस.

"खालती, शप्पथ, आमच्याकडे काहीच आलेलं नाही. ते नवं यंत्र आहे ना, ते खातं. त्या रबाबला विचारा. तिचंच ते."

सगळ्या रांगेने वळून रबाबकडे पाहिलं. ती माझ्या खिडकीपाशी उभी होती. तिचा चेहरा लाल झाला. खालती तिच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, तुझं यंत्र माणसं मारतंय."

 रबाबने जाऊन तक्रार विभागाची कचऱ्याची पेटी उघडली. नख्लातच्या ईमेल तिथे होत्या, सगळ्याच्या सगळ्या. आधी तिला वाटलं, आकड्यांचा नियमच पुन्हा बिघडला. पण तो ठीक होता. वाईट गुण शब्दांना मिळाले होते. 'गटार'. 'वास'. 'पोरं'. 'अल्लाह तुमचं भलं करो', कारण प्रत्येक तक्रारीचा शेवट तोच. आणि सगळ्यांत जास्त वाईट गुण होते 'नख्लात' या नावाला.

ती तडक सी मुन्जीकडे गेली. मीही मागोमाग गेले.

"सी मुन्जी, गाळणीला हे कुणी शिकवलं?"

"मी," तो म्हणाला. अगदी सहज. त्याच वेळी त्याच्या पडद्यावर नवी ईमेल आली, नख्लातच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंची. हिला गाळणीने कसं कोण जाणे सोडलं होतं. त्याने आमच्या देखत विषय वाचला आणि 'कचरा' दाबलं.

"हे काय करताय?"

"तूच सांगितलंस ना, पोरी? न मागता आलेलं, तेच ते, पुन्हा पुन्हा. मग हे दुसरं काय आहे? मी मागितलं होतं का त्यांच्याकडे?" तो हसला. "आणि कचऱ्यात टाकलं की ते प्रलंबित धरत नाहीत. गव्हर्नरसाहेबांकडे आमची एकही तक्रार शिल्लक दिसत नाही. उगाच का आपल्या कचेरीचं कौतुक होतं?"

मला वाटलं, रबाब कॉफी त्याच्या तोंडावर फेकणार. ती नुसतीच म्हणाली, "माझे शब्द माझ्याच तोंडावर मारता? तेही आजारी पोरांच्या जिवावर?"

कचेरीचे सचिव सी लतीफ यांच्याकडे ती गेली, तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. आत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं.

"हे बघ, तपासणी तोंडावर आहे. आता उकरत बसू नकोस. असं कर, मंत्रालयाचं तेवढं आत येईल अशी गाळणी लाव. बाकीचं सावकाश बघू."

"मंत्रालयाचं नाही, पाणीखात्याचं तरी बघा," म्हणून रबाबने एक ईमेल त्यांच्यासमोर ठेवली. पाणीखात्याने नख्लातचं पाणी तपासलं होतं, पिण्यायोग्य नाही असं कळवलं होतं, ताबडतोब टँकर पाठवा म्हटलं होतं. तीही कचऱ्यातच होती. तिच्यात नख्लातचं नाव होतं ना!

सी लतीफ यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तांत्रिक बिघाड," ते म्हणाले. "तसा अहवाल लिही आणि सही कर."

"बिघाड झालेलाच नाही. गाळणीने शिकवलं तेच केलं. मी सही करणार नाही."

"मग नोकरीचं काय ते तू बघ."

"बघते."

आपल्या जागेवर येऊन ती कामाला बसली. गाळणीची शिकलेली सगळी आठवण पुसली. तक्रार विभागाचं 'कचरा' बटणच काढून टाकलं. यापुढे प्रत्येक तक्रार पोचली की लिहिणाऱ्याला आपोआप पोच जाईल आणि तीच तक्रार नगरसेवकांनाही मिळेल असं करून ठेवलं. मग पेटीतलं सगळं मोकळं सोडलं. कचेरीभर टिंग टिंग सुरू झालं. लोक जागेवर वाचत बसले. कर विभागातला तोच शहाणा पोरांचे फोटो बघून उठून बाहेर गेला.

संध्याकाळच्या आत नगरसेवक सचिवांच्या दारात जमले. दुसऱ्या दिवशी नख्लातमध्ये टँकर आले, त्या आठवड्यात रस्ता खणला. आधीच्या कितीतरी आठवड्यांत हे का होऊ शकलं नाही, याचं उत्तर कुणी दिलं नाही. कुणाला ते विचारायचंही नव्हतं.

रबाबला अधिकाराबाहेर वागल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. सी मुन्जीला बाजार-परवान्याच्या विभागात हलवलं. खुर्ची तेवढीच मोठी, खिडकी समुद्राकडे.

नात घरी आल्यावर खालती दोजा पुन्हा कचेरीत आली. आम्ही तिला बसवलं, चहा मागवला. तिने घेतला नाही.

"आभार मानायला नाही आले," ती म्हणाली. "शेजारच्या हंदाचा मुलगा अजून इस्पितळातच आहे. आमची पोरं पिवळी पडल्यावर नळ दुरुस्त करता, आणि वर मी आभार मानू?"

"नका मानू," रबाब म्हणाली. "चुकलं ते आमचंच. तुम्ही बसा, मला सांगा, आता पाणी कसं येतंय? वास आहे का?"

खालती खुर्ची पुढे ओढून सांगू लागली. रबाब लिहून घेत होती.

सी मुन्जी अजून जिन्यात भेटतो. "काय, ते यंत्र दुरुस्त झालं का?" असं हसत विचारतो. मी त्याला उत्तर देत नाही.