माझी चावी डावीकडे आहे

मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. सोन्याचं आहे, तबकडीभोवती बारीक हिऱ्यांची एक ओळ आहे, आणि एका नामांकित सराफी पेढीत माझा जन्म झाला. मित्रांनो, हे मी मिरवायला सांगत नाही. ज्या घड्याळाकडे सात वर्षं गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, त्याने मिरवायचं तरी काय! पण आज माझा जीव भांड्यात पडला आहे, आणि जीव भांड्यात पडला की तोंड आपोआप सुटतं. तेव्हा ऐकाच.

आमच्या पेढीचा धंदा मुळात दागिन्यांचा. चार पिढ्या तिथे कर्णफुलं, हार आणि अंगठ्या घडल्या. घड्याळाच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं. मग मालकांच्या मनाने घेतलं, की पेढीचं स्वतःचं घड्याळ हवं. आतलं यंत्र बाहेरून मागवायचं, पण सोन्याची डबी, हिरे आणि नक्षी घरची. पहिला नमुना काढायचं काम गेलं नक्षीकाकांकडे.

नक्षीकाका म्हणजे पेढीचे चित्रकार. वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडकीपाशी, तिरक्या मेजावर ते चाळीस वर्षं दागिन्यांचे नमुने काढत होते. बोटांना कायम शाई, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांची कामाची एक पद्धत होती. कर्णफुलाचा नमुना ते एकाच कानाचा काढत. तोही पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर. मग कागद उलटा करून मागच्या बाजूने रेघा शाईने गिरवल्या, की दुसऱ्या कानाचं कर्णफूल तयार. दोन्ही तंतोतंत जुळत. ह्या कागद उलटवण्यात त्यांचा हात इतका बसला होता, की त्यात डोकं घालावं लागत नसे.

माझा आकार त्यांनी एका बाजूला झुकलेल्या पानासारखा काढला. पानाचं टोक उजवीकडे, आणि चावी, म्हणजे घड्याळाच्या कडेला असतं ते दातेरी बोंड, तेही उजवीकडे. सगळं चित्र पेन्सिलीने पुरं झालं. मग काकांनी शाई घेतली, सवयीने कागद उलटला आणि मागच्या बाजूने सगळं गिरवून खाली सोनाराकडे पाठवून दिलं. आता नक्षीकाकांचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सोनाराने एका शब्दाने विचारलं नाही. महिनाभर खपून त्याने मला घडवलं. पान डावीकडे झुकलं, आणि चावीचं भोकही डावीकडे पडलं.

चूक कळली ती यंत्र बसवायच्या दिवशी. पेढीने नवीनच ठेवलेल्या घड्याळजींनी माझी डबी हातात घेतली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली आणि जिन्यातूनच हाक मारली, "काका, ह्याची चावी कोपराने फिरवायची का?"

काका खाली आले. त्यांनी मला पाहिलं आणि शेजारच्या स्टुलावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

डबी तर मोडवेना. शेवटी घड्याळजींनी यंत्र अर्धं फिरवून बसवलं. त्यामुळे सेकंदाच्या काट्याची छोटी तबकडी, जी सहाच्या वर असायची, ती बाराच्या खाली गेली. मी चालायला लागलो, वेळही अचूक दाखवायला लागलो. पण जगाच्या दृष्टीने मी उलटा तो उलटाच. मालक भले होते. "असू दे काका, कोणीतरी घेईल," एवढंच म्हणाले. पुढची घड्याळं सरळ झाली आणि हातोहात गेली. मी मात्र काचेखालच्या तबकात राहिलो.

मित्रांनो, दुकानातल्या घड्याळांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर लावून ठेवतात. तबकडी हसरी दिसते म्हणून. मी सात वर्षं ते दहा-दहाचं हसू तोंडावर ठेवून बसलो होतो. गिऱ्हाइकं यायची, "अय्या, किती सुंदर!" म्हणायची, मला डाव्या मनगटावर चढवायची, आणि चावी द्यायला गेली की बोटं अडखळायची. "हे उलटं का हो?" असं विचारून मला जागेवर ठेवायची. नक्षीकाका दिवसातून दोनदा चहाला खाली उतरत, पण माझ्या तबकावरून जाताना मान दुसरीकडे वळवत. मला त्यांचा राग यायचा. चूक तुमची आणि तोंड चुकवता माझ्यापासून!

पेढीचा एक जुना नियम होता. सात वर्षं न खपलेली वस्तू मोडीत काढायची. हिरे उचकटून पुडीत, सोनं मुशीत. मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं. तिथे सगळ्यांचा एकच रंग होतो आणि कोण कोण होतं ते कोणाला आठवत नाही. माझी सात वर्षं भरली. मोडीचं तबक खाली सोनाराच्या खोलीत नेऊन द्यायचं काम काकांनी त्या सकाळी मागून घेतलं. निदान शेवटची सोबत करावी, असं त्यांना वाटलं असेल.

नेमक्या त्याच सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक मालकांच्या नाकी नऊ आणत होतं.

त्या होत्या दातांच्या डॉक्टर. आदल्या आठवड्यात त्यांनी आपला दवाखाना बंद केला होता, आणि सोबत आलेल्या यजमानांनी त्यांना घड्याळ घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. पस्तीस वर्षं सारखे हात धुवायचे, हातमोजे चढवायचे, त्यामुळे बाईंच्या मनगटाला घड्याळ कधी लागलंच नव्हतं. आयुष्यातलं पहिलं घड्याळ निवडायचं, तर ते मनासारखं हवं, असा त्यांचा हट्ट होता. काचेवर बारा घड्याळं मांडली होती. यजमानांनी त्यातलं सगळ्यांत मोठं उचललं.

"हे बघ. लांबूनसुद्धा दिसेल."

"नाकापेक्षा मोती जड! मला वेळ बघायचीय, लोकांना दाखवायची नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरं एक उजव्या मनगटावर बांधलं आणि डाव्या हाताने चावी द्यायचा प्रयत्न केला. बोटं वाकडी झाली. "हे बघा. कशी देऊ चावी?"

"बाई, घड्याळ डाव्या हातात घालतात," मालक अदबीने म्हणाले.

"घालत असतील. मी डावखुरी आहे. डाव्या हाताने काम करते, तो मोकळा लागतो मला."

"हिच्या नादी लागू नका," यजमान हसत म्हणाले. "घरातल्या दारांच्या कड्यासुद्धा हिने उलट्या बसवून घेतल्यात. मी अजून चुकीच्या बाजूने ढकलतो."

"चाळीस वर्षांत शिकला नाहीत, त्याला मी काय करू?"

बाईंनी बारावं घड्याळ काढून ठेवलं आणि पर्स उचलली. "राहू दे. नाहीच माझ्या नशिबात," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरंच उतरला. तेवढ्यात मागच्या दाराकडे निघालेले नक्षीकाका त्यांच्या शेजारून गेले. त्यांच्या हातातल्या तबकात मी होतो.

"थांबा. त्यात काय आहे?"

"मोड आहे, बाई. विकायचं नाही."

पण बाईंची नजर पस्तीस वर्षं बारीक कामावर तयार झालेली. त्यांनी दोन बोटांनी मला अलगद उचललं, उजव्या मनगटावर ठेवलं, आणि डाव्या हाताचा अंगठा न शोधता चावीवर आला. कर्र, कर्र, कर्र. सात वर्षांनी माझ्या आतली स्प्रिंगची कमान ताणली गेली. मी टिकटिक करायला लागलो. बाई नुसती चावी देत राहिल्या, पुरी होईपर्यंत.

मालक चतुर. त्यांनी संधी साधली. "बाई, हे आमच्या पेढीने खास डावखुऱ्यांसाठी घडवलेलं आहे. एकुलतं एक."

मी मनात म्हटलं, वा मालक! आता कोणी काही बोलू नका, म्हणजे झालं. आणि नेमके काका बोलले.

"खोटं नको, मालक. बाई, ही चूक आहे. माझी चूक."

मालकांनी डोळे वटारले. मी तर हादरलोच. हात दाखवून अवलक्षण कशाला, काका! खाली मूस तापली आहे, आणि तुम्हाला खरं बोलायची हीच वेळ सापडली? पण काका थांबेनात. कर्णफुलांची पद्धत, उलटलेला कागद, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "तुम्ही चांगल्या मनाने घ्याल, आणि उद्या कोणी हसलं तर तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून सांगितलं," असं म्हणून त्यांनी मला परत घ्यायला तबक पुढे केलं.

बाईंनी हात मागे घेतला. आधी त्या हसल्या. मग चष्मा काढून पुसायला लागल्या.

"काका, शाळेत बाक उजव्यांचे. कात्री उजव्यांची. दवाखान्यातली खुर्ची, तिचे नळ, सगळं उजव्यांचं. साठ वर्षांत माझ्या हाताला बसेल अशी वस्तू मुद्दाम सोडा, चुकूनसुद्धा कोणी केली नाही. तुम्ही पहिले."

यजमान मालकांना म्हणाले, "बांधून द्या. पुन्हा बारा दाखवाल तर माझे पाय मोडतील." सगळे हसले. मुशीत पडायचा माझा जीव भांड्यात पडला तो असा.

काकांनी फक्त अर्धा तास मागून घेतला. मला वर नेलं, घड्याळजींकडून माझं मागचं झाकण उघडून घेतलं आणि कोरणीने आतल्या बाजूला काहीतरी कोरलं. मला गुदगुल्या झाल्या, पण काय लिहिलं ते कळलं नाही. आपली पाठ आपल्याला थोडीच दिसते!

पुढची बारा वर्षं सुखाची गेली. रोज सकाळी बाई मला चावी देत, तीही डोळे मिटून. कोणी म्हणालं, "घड्याळ उलटं घातलंत," तर त्या म्हणत, "मी सरळ घातलंय, तुम्ही उलटे उभे आहात." मग एकदा त्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर चढलं आणि मी मखमली पेटीत गेलो. हाड जुळलं, पण मला कोणी बाहेर काढलं नाही. "जपून ठेवलंय," असं घरात सगळे म्हणत. मित्रांनो, ह्या जपण्याने माझा घात केला. सहा वर्षांत आतलं तेल सुकलं आणि मी जागच्या जागी आखडलो.

परवा बाईंच्या लेकीला कपाट आवरताना मी सापडलो. आईला न सांगता दुरुस्त करून आणायचं, तिला चकित करायचं, असं तिने ठरवलं आणि मला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. बोळाच्या तोंडाशी त्याची एक खिडकीएवढी टपरी. माणूस हुशार, हात हलका. त्याने डोळ्याला भिंग लावलं.

"तेल घातलं की चालेल. पण ताई, हे कोणीतरी उलटं बसवलंय. उजवीकडे नवीन भोक पाडतो, डावीकडचं सोन्याने बुजवतो. कळणारसुद्धा नाही."

लेक उजव्या हाताची. लहानपणापासून माझ्याकडे बघून ती हसत आलेली. "करून टाका ना," ती म्हणाली. "आईचं उजवं मनगट मोडलं होतं, आता डाव्या हातात घालायला तिला सोपंच पडेल. मी तासाभरात येते."

हाय रे दैवा! मुशीतून वाचलो तो भोकात पडायला? मला ओरडता येत नव्हतं. मला टिकटिकसुद्धा करता येत नव्हती. त्या बिचाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हेच जास्त भयंकर होतं. त्याने बारीक गिरमिट काढून शेजारी ठेवलं, मला पालथं घातलं आणि मागचं झाकण उघडलं.

मग तो थांबला. त्याने झाकण उजेडाकडे धरलं, भिंग पुसलं, पुन्हा लावलं. शेवटी त्याने गिरमिट उचललं आणि खणात ठेवून दिलं.

तासाभराने लेक आली, तेव्हा मी नुसतं तेलपाणी होऊन चालत होतो. चावी होती तिथेच होती.

"हे काय? सरळ नाही केलंत?"

"मला हात लावायची परवानगी नाही, ताई. तुम्हीच वाचा." त्याने तिला भिंग दिलं आणि झाकण समोर धरलं. तिने ते मोठ्याने वाचलं, आणि मित्रांनो, माझ्या पाठीवर अठरा वर्षं काय लिहिलेलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"ही चूक माझी आहे. बाईंच्या हाताला ती नेमकी बसली आहे. कोणीही दुरुस्त करू नये. नक्षीकाका."

लेक खिडकीला टेकून उभी राहिली. "मी आत्ता काय करून बसले असते!" एवढंच ती म्हणाली. ज्या काकांवर मी सात वर्षं रुसून होतो, त्यांनी जाता जाता मला जन्मभराची ढाल बांधून दिली होती. मला त्यांची माफी मागायची होती. आता ते कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी बाईंनी मला उजव्या मनगटावर बांधून घेतलं. मनगट बारीक झालंय, पट्ट्याला एक भोक जास्त पाडावं लागलं. ते एवढं एकच भोक पडलं. मग त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचा डावा अंगठा न शोधता माझ्या चावीवर आला.

मित्रांनो, तुमच्या घरात चावीचं घड्याळ असेल, तर त्याला पेटीत जपू नका, हातावर जपा. रोज सकाळी चावी द्या. आणि एखादी वस्तू किंवा एखादा माणूस जगावेगळा दिसला, तर लगेच सरळ करायला धावू नका. आधी झाकण उघडून आत काय लिहिलंय ते वाचा. गिरमिट काय, खणात असतंच.