पुसलेला लाल ठिपका

मित्रांनो, मी एक चेपलेला डबा आहे. तुमच्या पोळीभाजीचा नव्हे. नेमबाजीच्या रायफलीच्या पोटात गोळ्यांचा जो चपटा पोलादी डबा बसवतात, ज्याला सगळे मॅगझिन म्हणतात, तो मी. माझी उंची वीतभरही नाही. दहा लहान गोळ्या माझ्यात एकावर एक बसायच्या, खालची स्प्रिंग त्यांना वर रेटायची आणि एक उडाली की दुसरी आपोआप नळीच्या तोंडाशी जायची. आता माझ्यात टाचणीसुद्धा मावणार नाही. परभणीतल्या एका घरी लोखंडी कपाटाच्या खणात मी सात वर्षं पडून आहे. मला कोणी फेकत नाही आणि कोणी वापरतही नाही.

आम्ही बारा भाऊ होतो. ताडकळसच्या पुढे एक बंद पडलेली खडीची खाण आहे. तिची उभी भिंत गोळ्या अडवायला सोयीची, म्हणून रायफल मंडळाने तिथे आपलं मैदान केलं होतं. मंडळाकडे परवान्याच्या रायफली होत्या, पण त्यांचे प्लास्टिकचे डबे इथल्या दोन उन्हाळ्यांत तडकून गेले. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव यांनी लांबच्या एका कारखान्यातून पोलादाचे बारा डबे करवून आणले. पत्रा कापला, दुमडला, तापवला आणि कडक व्हावा म्हणून त्याला पाणी दिलं. अकरा जणांना पाणी नीट बसलं. माझ्या ओठांना ते कमी बसलं. ओठ म्हणजे माझ्या तोंडाच्या दोन दुमडलेल्या कडा. वरची गोळी त्याच धरून ठेवतात. दिसायला मात्र मी भावांइतकाच चकचकीत होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

आमची परीक्षा घ्यायचं काम रंगनाथ हवालदारांकडे आलं. राखीव पोलिसांत तीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. बुटके, सावकाश बोलणारे, शर्टाच्या खिशात नेहमी एक जुना टूथब्रश. त्याने ते आमच्या कोपऱ्यांतली धूळ काढायचे. नोकरीत त्यांच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माणसाचा एक डोळा गेला होता. आमच्यातल्या लहान गोळीचं असं असतं की तिला पेटवणारा मसाला तिच्या बुडाच्या काठात भरलेला असतो. गोळी वाकडी वर आली आणि तिच्या काठावर रायफलीचा खटका आदळला, तर ती नळीबाहेरच, नेम धरणाऱ्याच्या गालाजवळ फुटू शकते. त्या माणसाचं तसंच झालं होतं. तेव्हापासून रंगनाथ कुठलाही डबा घाईने पास करत नसत.

त्यांनी आम्हाला महिनाभर खोट्या गोळ्यांनी भरून ठेवलं, स्प्रिंग थकते का ते पाहायला. काळ्या मातीची धूळ घातलेल्या पोत्यात घालून हलवलं. कमरेच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर टाकलं, कधी बुडावर, कधी तोंडावर. मग खऱ्या गोळ्या. प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे. एखादा डबा हातात घेऊन ते विचारायचे, "सांग की बाबा, कुठं दुखायलंय?" मला माझं दुखणं ठाऊक होतं. पण तोंड असून बोलता येत नाही, ही आमची जात.

त्र्याहत्तराव्या गोळीला माझे ओठ सैल पडले आणि गोळी आडवी वर आली. रंगनाथांनी तिथेच रायफल खाली ठेवली. दुसऱ्या शंभरात पुन्हा एकदा तसंच झालं. मोजमापात मी अगदी बरोबर बसत होतो, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दोनशेत दोनदा, एवढाच माझा दोष. त्यांनी माझ्या बुडावर तेली रंगाचा लाल ठिपका दिला आणि दिनकररावांना फोन करून सांगितलं, अकरा चांगले आहेत, एक बाद, आल्यावर तुमच्यासमोर मोडतो. नंबर ठोकायचे ते पास झालेल्यांवरच, म्हणून अजून आमच्यापैकी कोणालाच नंबर नव्हता. दुसऱ्या दिवशी ते आणि त्यांच्या पत्नी सरजाबाई पूर्णेहून नागपूरच्या गाडीत बसले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं त्यांनी एवढ्या वर्षांत कधी चुकवलं नव्हतं.

तो दिवस खंडेनवमीचा होता.

दिनकररावांच्या पत्नी कस्तुराबाई मंडळाच्या खोलीत आल्या. त्यांनी चौरंग मांडला, रायफली भिंतीला टेकवल्या आणि आम्हा बाराही जणांना तबकातून काढून एका ओळीत निजवलं. मग ओल्या कुंकवाचं बोट एकेकाला लावत गेल्या. त्यांच्या मनात आमच्याबद्दल मायाच होती. माझ्या बुडावरचा ठिपका त्यांनी पाहिला आणि त्यावरही कुंकू लावलं. आता आम्ही बाराही जण लाल होतो.

रंगनाथांची मुलगी रेणुका नागपूरला गेली नव्हती. सतरा वर्षांची, मंडळातली सर्वांत स्थिर हाताची पोर. दसऱ्यानंतर तीन दिवसांनी जिल्ह्याची स्पर्धा होती आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष, म्हणून ती सरावासाठी ताडकळसला मावशीकडे राहिली होती. दसऱ्याच्या दुपारी ती खोलीत आली तेव्हा ओल्या कुंकवाखाली आमच्या अंगावर तांबूस कड धरायला लागली होती. पोलादावर पाण्याचा थेंब राहू द्यायचा नाही, हे ती घरात चालायला लागल्यापासून ऐकत आली होती. तिने रॉकेलमध्ये चिंधी भिजवली आणि आम्हाला एकेक करून पुसायला घेतलं.

माझ्या बुडावरचा डाग निघेना. तिला वाटलं, कुंकू वाळून घट्ट बसलंय. तिने कपाटातून थिनर काढलं, घासलं, शेवटी नखाने खरवडलं. डाग निघाला, आणि तिथे हरभऱ्याएवढा पांढरा, चमकता ठिपका उरला. मग ती थांबली. तिने चिंधी नाकाशी नेली. कुंकवाला असा वास येत नाही. बाबा बाद डब्याला लाल तेली रंग लावतात, हे तिला माहीत होतं. नंतर तिने मला भावांच्या ओळीत ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, हत्याराचा भाग म्हणून मी आधीही भीतीचाच होतो. पण त्या रात्रीइतका भयंकर मी कधीच नव्हतो. मी तोच होतो, तेवढाच बिघडलेला. फक्त ते आता कोणाला दिसत नव्हतं.

एकादशीला रंगनाथ परतले ते थेट खोलीत आले. त्यांनी पहिला डबा उलटा केला, दुसरा केला; चिंधीने घासल्याच्या चमकत्या खुणा सगळ्यांच्याच अंगावर होत्या. बारावा पाहून झाल्यावर पुन्हा पहिला घेतला. दिनकरराव आणि कस्तुराबाई तिथेच होते. रेणुका दारात होती. कोणी पुसलं, असं त्यांनी विचारलं. कस्तुराबाई म्हणाल्या, मी तर नुसतं कुंकू लावलं, भाऊ. दिनकरराव म्हणाले, झाडणाऱ्या बाईने पुसलं असेल. रेणुकाने पायातल्या चपलेकडे पाहिलं.

"कुणी पुसलं ते ऱ्हाऊ द्या," रंगनाथ म्हणाले. "मी नुसता रंग लावून गेलो. त्याच दिवशी ठोकून मोडायला पाहिजे होतं. चूक माझी हाय."

तिला सांगायचं नव्हतं असं नाही. मी तिच्या बोटांतून गेलो होतो, मला ठाऊक आहे. पण चूक कोणाची ते ठरून गेलं होतं, आणि ठरलेलं मोडायला जेवढा आवाज लागतो तेवढा तिच्यापाशी त्या क्षणी नव्हता.

स्पर्धेच्या राखीव गोळ्या सोडून सहाशे उरल्या होत्या. प्रत्येकी पन्नास. बाद डबा हुडकायला द्वादशीला रंगनाथांनी त्या एकट्याने झाडल्या, सकाळपासून ऊन कलेपर्यंत. दर गोळीला ते डोळ्यांवरचा चष्मा सारखा करायचे. माझी पाळी आली तेव्हा मी जिवाच्या आकांताने ओठ सैल सोडायचा प्रयत्न केला. पन्नासच्या पन्नास गोळ्या माझ्यातून सरळ गेल्या. इतका चांगला मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो.

दिनकरराव खूश झाले. म्हणाले, बाराचे बारा पास, आता नंबर ठोका.

"बारा पास झाले, म्हणून तर मला भ्या वाटायलंय, साहेब."

दिनकरराव हसले. म्हणाले, पोलिसातून निघालात पण पोलीस तुमच्यातून निघाला नाही, पोलादावरसुद्धा संशय घेता. मग गंभीर होऊन म्हणाले, की जुने डबे तडकलेत, हे नसतील तर आपली पोरं उद्या बसणारच नाहीत, आणि माझी नात त्याच ओळीत बसणार आहे, मला काळजी नसेल का? रंगनाथांनी तबकावर हात ठेवला. दिनकररावांनी तबक उचललं आणि स्वतःच्या गाडीत नेऊन ठेवलं.

रविवारी खाणीत मांडव होता, पाहुणे होते, बाहेरगावचे संघ होते. दिनकररावांनी स्वतःच्या हाताने डबे वाटले. मी त्यांच्या नातीकडे, अपेक्षाकडे आलो. ती चटईवर पालथी पडून मला भरायला लागली. एक, दोन, तीन. शेजारच्या चटईवर रेणुका होती. सहावी गोळी भरताना अपेक्षाने मला तिरपं केलं आणि उन्हात माझ्या बुडावरचा पांढरा ठिपका चमकला. रेणुकाला तो दिसला. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. अपेक्षाने सातवी भरली, आठवी भरली. नववी. दहावी. अपेक्षाने मला रायफलीत सरकवलं आणि मी आतल्या अंधारात जागच्या जागी बसलो.

मला वरून पावलं ऐकू आली. नेमबाजांच्या ओळीत कोणी पाऊल टाकत नसतं. रंगनाथांनी टाकलं.

"हत्यारं खाली ठेवा," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, तरी सगळ्यांनी ठेवली. ते चटया ओलांडत आले आणि प्रत्येक रायफलीतून डबा काढून, गोळ्या रिकाम्या करून, आम्हाला पिशवीत टाकत गेले. दिनकरराव मांडवातून धावत आले. पाहुण्यांसमोर म्हणाले, की आत्ता हे डबे घेतलेत तर उद्यापासून मंडळात पाय ठेवायचा नाही.

"न्हाई ठेवत," रंगनाथ म्हणाले.

अपेक्षाचे डोळे भरले होते. ती रेणुकाकडे वळून म्हणाली, "तुझ्या बापाचं डोकं फिरलंय, रेणे." रेणुका आपली चटई गुंडाळायला लागली.

खोलीत बाकाला लोखंडी शेगडा, म्हणजे वस्तू आवळून धरायचा व्हाइस, बसवलेला होता. त्याच्या जबड्यात रंगनाथांनी आम्हाला एकेक धरलं आणि दांडा फिरवला. पोलाद लगेच चेपत नाही, आधी कण्हतं. माझ्या अकरा भावांमध्ये काही खोट नव्हती. दोनशे आणि वर पन्नास गोळ्या त्यांनी सरळ दिल्या होत्या. ते माझ्यासाठी मोडले. मी कितवा गेलो ते मला आठवत नाही, पण दांडा आवळण्याआधी रंगनाथांनी टूथब्रशने माझे कोपरे झाडले, हे आठवतं. ते मोडणं त्यांना सोपं गेलं नाही. महिनाभर त्यांनी आमचीच सेवा केली होती.

सगळं झाल्यावर रेणुका आत आली. फरशीवर बारा चेपलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. ती वाकली आणि काही न शोधता तिने नेमका मला उचलला. मुठीत घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं की वडील बघत आहेत. रंगनाथांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या नखात राहिलेल्या लाल रंगाकडे. त्यांना सगळं कळलं. उरलेले अकरा गोळा करून त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकले आणि हात धुवायला बाहेर गेले.

ती त्या वर्षी निवडली गेली नाही, पुढे तिने रायफल धरली नाही. रंगनाथांनी ताडकळसच्या आठवडी बाजारात कुलपं आणि शिलाई मशिनी दुरुस्त करायला सुरुवात केली. लोक चेष्टा करायचे, हवालदार, कुलूप चालू करता का फोडता? ते म्हणायचे, आधी बघू तर द्या. कोणी त्या स्पर्धेचं विचारलं की एवढंच सांगायचे, चूक माझी होती. एकदा सोनपेठच्या बसमध्ये रेणुका त्यांच्या शेजारी बसली असताना म्हणाली, "बाबा, तो लाल रंग…" ते खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "काच लाव, धूळ यायलीय." तिने काच लावली. पुन्हा तिने विषय काढला नाही, आणि त्यांनीही नाही.

मित्रांनो, मी पोलाद आहे, मला उपदेश शोभत नाही. तरी एवढं ऐका. कोणत्याही वस्तूवर कोणी खूण केलेली दिसली, तर ती स्वच्छ करण्याआधी विचारा, ही कोणी केली आणि कशासाठी. आणि नकळत पुसली गेलीच, तर त्याच दिवशी सांगून टाका, मग कोणी कितीही रागावो. रेणुका त्या एकादशीला बोलली असती तर माझे अकरा भाऊ आज त्या मैदानावर काम करत असते. रंगनाथही तिथेच असते.

या श्रावणात रंगनाथ गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, पाहुणे गेले. सरजाबाई आत पडल्या होत्या. रेणुकाने कपाटाचा खण उघडला, मला काढलं आणि वडिलांच्या फोटोसमोर ठेवलं. मग तिने सगळं सांगितलं. ओलं कुंकू, रॉकेल, न निघणारा डाग, चिंधीचा वास, अपेक्षाच्या हातातली सहावी गोळी. काही वगळलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. सांगून झाल्यावर तिने फोटोकडे पाहिलं, कोणी काही म्हणेल म्हणून.

ऐकायला खोलीत मी एकटाच होतो.